काथ्याचा सायलेन्सर

३ नोव्हेंबर, सोमवार

सायलेन्सर पडला. आपणहून पडला, माझा काही संबंध नाही.

जागा: प्रमोदिनीच्या शाळेसमोरचा स्पीडब्रेकर. वेळ: पावणेअकरा. आत प्रार्थना चालू होती. आमच्या जीपचा आवाज मुळातच भारदस्त, त्यात सायलेन्सर गळून पडल्यावर जे काही झालं त्याने प्रार्थना मधल्या कडव्यात थांबली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रमोदिनी शिक्षकांच्या रांगेत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग फळ्यावरच्या सुविचाराकडे पाहिलं. सव्वीस वर्षांचा संसार, आणि बाई चारचौघांत ओळख दाखवत नाही.

सायलेन्सर उचलायला गेलो तर तापलेला. उजव्या हाताची तीन बोटं भाजली. म्हणून आजची नोंद इथेच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बोटांना कोरफड लावली आहे. जे झालं ते बरंच झालं.

जीपबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो. सत्त्याहत्तरचं मॉडेल, पेट्रोल, फोर बाय फोर. आप्पांनी सरकारी लिलावात घेतली. आप्पा गेल्यावर चौलची वाडी आम्हा दोघा भावांत वाटली गेली. नारळ किती, सुपारी किती, विहिरीचं पाणी कुठल्या वारी कुणी घ्यायचं, सगळं कागदावर आलं. जीपचा विषय मात्र निघालाच नाही. दादा ठाण्याला, इंजिनीअर, त्याला दोन पार्किंग. मी इथे. चालवतो मी, पुसतो मी, ढकलतो मी. म्हणजे माझीच. आरसी बुक अजून आप्पांच्या नावावर आहे, ते बदलायला हवं असं दादा दर गणपतीत म्हणतो. भावाभावांत कसली आलीय आरसी.

खरं सांगायचं तर ह्या जीपशिवाय माझं असं दुसरं काही नाही. व्हीआरएस घेतल्यापासून घर प्रमोदिनीच्या पगारावर चालतं, वाडीचंही तीच बघते. पण जीप घेऊन निघालो की चौलनाक्यावर लोक म्हणतात, अजेय आला. मान वर न करता म्हणतात. नुसत्या आवाजावरून. हे दादाला ठाण्यात मिळणार आहे का?

संकल्प: सायलेन्सर नुसता बसवायचा नाही. अख्खी एक्झॉस्ट सिस्टिम मॉडिफाय करायची. पाईप बॉनेटच्या बाजूने वर न्यायचा, काचेच्या उंचीपर्यंत, म्हणजे खाडीच्या पाण्यात गाडी घातली तरी आत पाणी शिरणार नाही. आवाज खोल आणि घुमणारा. आणि २१ डिसेंबरला बोर्ली पंचतनला मितेशच्या फोर बाय फोर मेळाव्यात उतरायचं. मितेश म्हणजे पेणकडचा आगरी मुलगा. ट्रकचा धंदा होता, आता बोर्लीजवळ रिसॉर्ट काढलंय. मेळाव्याच्या नियमांत पहिलाच नियम आहे, सायलेन्सर नाही तर प्रवेश नाही. दीड महिना आहे. भरपूर झाला.

मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही. सगळं स्वतः करणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ७.०० काम सुरू. जीपखाली आहे. वही पोटावर.

७.०५ नट हलत नाही. खाऱ्या हवेने नट-बोल्ट एकजीव झालेत.

७.१० गंज डोळ्यात गेला.

७.१२ चहा.

८ नोव्हेंबर, शनिवार

डोळा उघडतो आहे.

सायलेन्सर पोत्यात घालून, प्रमोदिनीची स्कूटर घेऊन थळला दत्तात्रेयच्या गॅरेजात गेलो. करायला द्यायला नाही, नुसतं मत घ्यायला. त्याने सायलेन्सर उन्हात धरला आणि त्यातून समुद्राकडे पाहिलं. म्हणाला, काका, ह्यो सायलेन्सर न्हाय, ही चाळण हाय. इंजिनकडच्या मॅनिफोल्डपासून मागपर्यंत सगळं नवीन करावं लागेल, दोन दिवसांचं काम, गाडी आणून सोडा.

मी लगेच ओळखलं की हा मला गिऱ्हाईक समजतो आहे. म्हटलं, डिझाइन माझं राहील, तू फक्त सांगेन तिथे वेल्डिंग मारायचं. तो म्हणाला, मंग तुमीच करा ना काका, आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. आप्पांच्या वेळेपासून ह्याच्या घरी आमच्या वाडीतले नारळ जातात. दर दिवाळीला जातात. माणसाने किती लवकर विसरावं.

यंदाचे गेले नाहीत, हे घरी आल्यावर प्रमोदिनीने सांगितलं. तरीही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सुचलं!

सायलेन्सरच्या पोटात आवाज मारायला ग्लासवूल भरतात, म्हणजे काचेचा कापूस. मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले. चारही गोरे लोक तोच भरत होते. आणि इथे माझ्या पायाखाली काय पडलंय? काथ्या. पाण्यात कुजत नाही. गादीत भरला तर तीस वर्षं दबत नाही. फुकट. एवढी साधी गोष्ट अख्ख्या कोकणात कुणाला सुचू नये ह्याचं मला आश्चर्य वाटतं. मग वाटलं, सुचली असेल, पण कुणाकडे जीप नसेल.

ठमीला दोन पाट्या काथ्या पिंजून मागितला. ठमी वीस वर्षं आमच्या वाडीत काम करते, काथ्यातलं तिच्याइतकं कुणाला कळत नाही. तिने विचारलं, भाऊ, चूल पेटवाला आमी ह्योच घेतो ना? मी तिला हवाबंद जागेत आग लागत नसते हे शास्त्र समजावून सांगितलं. ती व्हय म्हणाली. मला तो व्हय आवडला नाही.

पेटंटचा अर्ज इंग्रजीत असतो की मराठी चालतो, ते बघायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ९.०० सायलेन्सर उघडून काथ्या ठासून भरला, पत्रा परत दाबला, तारेने आवळला. हे सगळं कालच करून गाडीखाली टांगलाही. जीप सुरू. आवाज अप्रतिम. खोल, घुमणारा, अगदी मनात होता तसा. प्रमोदिनीला बाहेर बोलावलं. ती म्हणाली आईला औषध देतेय. सासूबाई ऑगस्टपासून आमच्याकडेच आहेत.

९.२० रेवदंड्याच्या रस्त्याला.

संध्याकाळी ५.०० पुढचं आता लिहितो आहे.

साधारण दोन किलोमीटरवर छान वास यायला लागला. सुकं खोबरं भाजल्यासारखा. मला वाटलं कुणाकडे वाटण चाललं आहे. शनिवारी वाटण म्हणजे नवलच, असाही विचार मनात आला. एका घरातून बाई बाहेर आली, तीही वास घेत होती. मग तिने माझ्या गाडीखाली बोट दाखवलं.

ज्वाळा लहान होती. लोक आता फुगवून सांगतील, म्हणून इथे नोंदवून ठेवतो की लहान होती. शेजारी शहाळीवाला होता. पाणी आणायला वेळ नव्हता, त्यामुळे शहाळी फोडून फोडून ओतली. अकरा शहाळी लागली. सायलेन्सर विझला आणि मग मधोमध फाटला. बघ्यांपैकी एकाने मलई निघाली का म्हणून विचारलं. मी शहाळ्यांचे पैसे मोजले.

स्वतःच्या वाडीतला काथ्या. आप्पांनी लावलेल्या माडांचा. परक्याने दगा दिला तर समजू शकतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

शांतपणे विचार केला. कल्पनेत दोष नाही. ठमीने काथ्या जास्त वाळवला. थोडा दमट ठेवला असता तर आज चित्र वेगळं असतं. तिला सांगितलं. ती म्हणाली, तुमीच बोल्लात सुका दे.

प्रमोदिनी आज जेवताना बोलली. जीपबद्दल नाही, ऑगस्टबद्दल. ऑगस्टमध्ये सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड गेलं, आणि जीप सुरू झाली नाही. बॅटरी. बॅटरीचा दोष माझ्यावर कसा येतो? शेवटी त्यांना मासळीच्या टेम्पोतून अलिबागला न्यावं लागलं. टेम्पोत बर्फ होता, त्याचा सुजेला फायदाच झाला असेल, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हटलं. प्रमोदिनी ताटावरून उठली. अर्धी पोळी तशीच. तिला जुन्या गोष्टी उकरून काढायची सवय आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवा.

दादाचा फोन आला. सण नाही, वार नाही, कुणी आजारी नाही, आणि दादाचा फोन. जीपबद्दल विचारत होता. काय काय बिघडलंय, टायर कसे आहेत, फोर बाय फोरचा दांडा पडतो का. मी पाऊण तास सांगितलं, त्याने पाऊण तास ऐकलं. मग म्हणाला, अजेय, तू आता त्यात हात घालू नकोस. दत्तात्रेयकडे टाक. अख्खी एक्झॉस्ट सिस्टिम नवीन करून घेऊ, खर्च माझा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे इथे लिहायला हरकत नाही. आम्ही लहान असताना जीपच्या पुढच्या सीटवर कायम दादा बसायचा. मी मागे, नारळांवर. आज पन्नाशी उलटल्यावर त्याला त्याची जाणीव झाली. रक्ताचं नातं ते रक्ताचं नातं.

प्रमोदिनीला सांगितलं. तिला आनंद झालेला दिसला नाही. भाजी चिरत राहिली. बायकांना भावाभावांचं प्रेम बघवत नाही असं म्हणतात ते उगीच नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दादा स्वतः आला. कागद घेऊन. गाडी आप्पांच्या नावावर, त्यामुळे सायलेन्सर बदलायचा म्हटलं तरी पासिंगला दोन्ही वारसांच्या सह्या लागतात म्हणाला. स्टॅम्पपेपर. तीन ठिकाणी सह्या. एका सायलेन्सरला एवढं? पण आता आरटीओत फार कडक झालंय असं ऐकून आहे.

प्रमोदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, अहो, वाचलंत का? मी हो म्हटलं. वाचलं नव्हतं. सख्ख्या भावाचा कागद त्याच्यासमोर चष्मा लावून वाचायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. आमच्या घरात ती पद्धत नाही. ती म्हणाली, परत एकदा वाचा. दादा छताकडे बघत होता. मी झोकात सही केली, तिन्ही ठिकाणी. ती आत गेली.

दादाने जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मितेश येऊन गेला. मेळाव्याचा आयोजक स्वतः चौलला, माझ्या अंगणात, माझी जीप बघायला. माझं नाव तिकडे पोचलेलं दिसतं.

मुलगा अतिशय समजूतदार. फोटो काढले, खालून, वरून, सीटचे. मागच्या बाजूला किती माणसं बसतील विचारलं. मी म्हटलं, अरे, शर्यतीत ड्रायव्हर आणि फार तर एक जण. तो म्हणाला, न्हाय सर, गेस्ट लोक. म्हणजे प्रेक्षक असणार. मग म्हणाला, सर, आवाज एकदम कमी पाहिजे, सकाळी गेस्ट झोपलेले असतात. मी त्याला तासभर समजावलं की आवाज हा गाडीचा प्राण असतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, एकदाही घड्याळ बघितलं नाही. आजकाल अशी ऐकणारी मुलं राहिली नाहीत.

योगायोग म्हणजे दादाही नेमका आज आलेला होता. मंगळवारची रजा टाकून. दोघांचं लगेच जमलं. मी चहा सांगायला आत गेलो तेव्हा विहिरीपाशी हळू आवाजात बोलत उभे होते. दादाला जीपमध्ये रस वाटायला लागला आहे. त्याला २१ तारखेला शेजारच्या सीटवर बसवायचं ठरवलं. ह्या वेळी चालवणारा मी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दत्तात्रेयच्या मागे तासभर उभा राहून जीप त्याच्या ताब्यात दिली. सूचना लेखी दिल्या, चार पानं, आकृतीसहित. १. पाईप वर. २. आवाज खोल. ३. शेवटचं तोंड तिरकं कापलेलं, सुपारीच्या अडकित्त्यासारखं. ४. माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही.

त्याने पानं वाचली नाहीत, घडी घालून चहाच्या ग्लासाखाली ठेवली. जपून ठेवली म्हणायची.

१ डिसेंबर, सोमवार

हे मला लिहवत नाही.

दुपारी गॅरेजात गेलो. जीप उभी. पाईप वर नाही, खाली. चकचकीत, नवा, सरळ मागे गेलेला, कुठल्याही शहरी मोटारीला असतो तसा. मी राग गिळला. म्हटलं, बरं, सुरू कर, आवाज तरी ऐकू दे. दत्तात्रेय म्हणाला, काका, चालूच हाय.

मी बॉनेटवर हात ठेवला. थरथर होती. खरंच चालू होती.

बोललो. बरंच बोललो. माझी चार पानं कुठे आहेत विचारलं. त्याने ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की दादांचा फोन आला होता, सायलेन्सरचा मोठा मफलर टाक, मध्ये अजून एक डबा टाक, मांजर चालली तरी तिचा आवाज जास्त यायला पाहिजे असं काम कर. पैसे त्यांचे, काम त्यांचं. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, हात पुसत होता. हात आधीच स्वच्छ होते. आप्पांच्या ओळखीचा माणूस, आणि माझ्या गाडीचा गळा दाबला.

दादाला फोन केला. तो म्हणाला, अरे, पासिंगसाठी, तात्पुरतं. तात्पुरतं असेल तर ठीक. पण मला विचारायला हवं होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

नव्या सिस्टिमचे दुष्परिणाम:

चौलनाक्यावर चहाच्या टपरीपाशी मी पोचतो तेव्हा बाकडं कायम रिकामं असतं. गेली कित्येक वर्षं. लोक माझ्यासाठी जागा करून ठेवतात, असं मी धरून चाललो होतो. आज गेलो तर बाकडं भरलेलं. पाच जण. एक जण हात वर करून काहीतरी रंगवून सांगत होता आणि बाकीचे हसत होते, शेवटी अकरा शहाळी एवढं ऐकू आलं. मी मागे उभा. मला बघितल्यावर पाचही जणांना एकदम कामं आठवली. दोघांचे चहा तसेच राहिले. आवाज नसल्यामुळे लोकांना उठायला वेळ मिळत नाही, गैरसोय होते त्यांची.

तिथून वाडीत. तिथे मी गेलो की नेहमी काम जोरात चालू असतं, हे मी अभिमानाने सगळ्यांना सांगत आलो आहे. आज ठमी आणि तिच्याबरोबर कामाला येणारी बायजा विहिरीच्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या. ठमी सांगत होती, आयतवारी गारी जानार, मंग वैनीला जरा बरा वाटल. मी मागून तिची चूक दुरुस्त केली. म्हटलं, ह्या आयतवारी नाही ठमे, २१ तारखेचा आयतवार. ठमीच्या हातातला कोयता विहिरीत पडला.

नंतर ती चिडून म्हणाली की भाऊ, गारीला निदान घंटा तरी बांधा. प्रमोदिनीला का बरं वाटेल ते विचारायचं राहिलं. मी बक्षीस जिंकणार म्हणून असेल.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. दरवर्षी जत्रेच्या गर्दीतून जीप घेऊन दत्ताच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातो. हॉर्न लागत नाही, आवाज ऐकूनच माणसं बाजूला होतात. आज कुणी हललं नाही. कुणाला कळलंच नाही मागे जीप आहे. शेवटी उतरून पुढे चालत बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणत गेलो, मग परत येऊन गाडी चार हात पुढे घेतली, मग परत उतरलो. असं करत अर्ध्या वाटेवर सोडून दिलं. माणसाची ओळख अशी एका दिवसात पुसली जाते.

संकल्प: पासिंग झालं की मफलरला खालून चार भोकं पाडायची. लहान. दत्तात्रेयच्या बापालाही कळणार नाही.

ड्रिल मशीन सापडत नाही. प्रमोदिनी म्हणाली शाळेत नेलंय, विज्ञान प्रदर्शनाला. प्रदर्शन जानेवारीत असतं असं मी म्हटलं. ती म्हणाली, तयारी आतापासून करतात.

६ डिसेंबर, शनिवार

दादा आला आहे, दोन दिवसांसाठी. बर्फी आणली. महिन्याभरात तिसऱ्यांदा. सासूबाईंच्या खोलीत बसून प्रमोदिनीशी काहीतरी बोलत होता, मी गेल्यावर हवापाण्यावर आले.

आज जीप धुतली. आतून, बाहेरून, चाकांच्या खाचांतूनसुद्धा. दादाही फडकं घेऊन आला. आम्ही दोघं भाऊ चाळीस वर्षांनी एकत्र काम करत होतो. त्याने दुसरी चावी कुठे असते विचारलं. दिली. म्हटलं, ठेव तुझ्याकडे, अर्धी तुझीच आहे. तो फडकं बादलीत टाकून आत निघून गेला. भावना अनावर झाल्या असतील.

७ डिसेंबर, रविवार

दुपारी ४.४० झोपून उठलो. जीप नाही.

४.४५ अंगणात नाही, वाडीत नाही, रस्त्यावर नाही. चोरी. दिवसाढवळ्या. रेवदंड्याला पोलीस स्टेशनला जाणार. कशाने जाणार? स्कूटरची चावी सापडत नाही.

४.५५ दादाही नाही. चोराच्या मागे गेला असेल. धाडसी आहे.

रात्री ८.०० चोरी नाही.

प्रमोदिनीने सांगितलं. समोर बसून, शाळेतल्या पोराला समजावतात तसं हळू. मितेशने घेतली. रिसॉर्टला, पाहुण्यांना समुद्रावर फिरवायला. ठरून दोन आठवडे झाले होते. त्याची अट एकच होती, आवाज नको. आलेल्या पैशात दादाने आपला भाग सोडला, आणि येत्या आठवड्यात एक जुनी पण चालू होणारी मोटार दारात येईल, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला.

मी विचारलं, म्हणजे तुला माहीत होतं. ती हो म्हणाली. दादाला फोन मीच केला होता म्हणाली. काथ्या पेटला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मग म्हणाली की तीन वाजता मितेश आला. जीप तुमच्या खिडकीखाली दहा मिनिटं चालू होती. दादांना तुम्हाला उठवायचं होतं. मीच नको म्हटलं. म्हटलं, उठले तर देणार नाहीत.

खरं आहे. दिली नसती.

८ डिसेंबर, सोमवार

दादाशी बोलणं कायमचं बंद. प्रमोदिनीशी कामापुरतं. दत्तात्रेयला ह्या जन्मात नारळ नाही. ठमीलाही माहीत होतं, म्हणजे टपरीवरच्या पाचांनाही माहीत होतं, म्हणजे अख्ख्या चौलला माहीत होतं. गावात एक माणूस होता ज्याला माहीत नव्हतं.

कोर्टात जाणार. फसवून सही घेतली म्हणून.

त्या कागदाची झेरॉक्स देवघराच्या फळीवर सापडली. चष्मा लावून वाचली. सुरुवातीलाच, ठळक अक्षरांत लिहिलंय की सदर वाहन विकण्यास माझी हरकत नाही. सायलेन्सर हा शब्द कुठेही नाही. मराठीत आहे. लहान मुलालाही कळेल असं.

कोर्टाचं तूर्त बघू.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी मितेशचा फोन. उचलायचा नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या रिंगला उचलला.

सर, राग मानू नका, पण गाडी कालपासून सुरू होत न्हाय, म्हणाला. ड्रायव्हर, मेकॅनिक, सगळे करून थकले, पाहुणे उभे आहेत. मला आधी बरं वाटलं. मग बॅटरी उतरवतील मेले असं वाटलं. म्हटलं, स्टार्टर सोड. चोक अर्धाच ओढ, पूर्ण नाही. ॲक्सिलरेटर दोनदा दाब. आता हात काढ आणि थांब. तो म्हणाला किती थांबू. म्हटलं, आप्पा तेवढ्यात विडी पेटवायचे, एक विडी पेटेल इतकं थांब. आता मार.

सुरू झाली, सर, म्हणाला. त्याच्यामागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तो आभार मानून फोन ठेवत होता. म्हटलं, ठेवू नकोस. फोन जरा मागे ने, सायलेन्सरपाशी धर. त्याने नेला. मी दुसऱ्या कानात बोट घालून बसलो. वारा ऐकू येत होता, कुणीतरी लहान मूल पाणी मागत होतं. बाकी काही नाही. मी फोन कानावर आणखी दाबला. मग मितेशने विचारलं, सर, येतोय का आवाज?

म्हटलं, येतोय. छान येतोय.